नकाशातली पहिली खोली

प्रिय बाबा,

ताई सांगत होती, तुम्ही उद्घाटनासाठी नवा शर्ट शिवायला टाकलाय आणि लेकीने प्रयोगशाळेची इमारत उभी केली म्हणून अख्ख्या गल्लीला सांगत सुटलाय. ऐकून मला स्वतःची शिसारी आली.

इमारत देखणी झालीय, खोटं कशाला बोलू! उंदरांच्या खोल्यांत तासाला पंधरा वेळा हवा बदलते. ससे दचकू नयेत म्हणून त्यांचे दिवे हळूहळू उजळतात. शास्त्रज्ञांची कॉफी प्यायची जागा बागेच्या बाजूला आहे, तिथे पिंजऱ्यांचा वास फिरकत नाही. त्या वासाला ते नाकं मुरडतात. तुम्ही तीस वर्षं तुमच्या जुन्या प्रयोगशाळेतून तोच वास अंगावर घेऊन घरी यायचात आणि आंघोळ केल्याशिवाय आम्हाला जवळ घ्यायचा नाहीत. पिंजरे धुऊन झाले की जिन्यात बसून डबा खायचात. थंडीत उंदीर उचलण्याआधी हात चोळून गरम करायचात. तुमच्या छातीतली घरघरही तिथलीच.

म्हणून नकाशात मी सगळ्यात आधी पिंजरे धुणाऱ्यांची खोली काढली. मोठी खिडकी, बाकं, गरम पाण्याची न्हाणी. फोनवर तुम्हाला किती कौतुकाने सांगितलं होतं!

शेवटच्या बैठकीत संचालकांना पाहुण्यांसाठी दालन हवंसं झालं. नेमकं त्याच खोलीवर बोट ठेवून म्हणाले, ही माणसं काय, कुठेही डबा खातात, जिना आहे की! सगळे खो खो हसले. त्यांची किळस येतेच. पण बाबा, मीही हसले. दात काढून हसले आणि सगळ्यांदेखत लाल पेनाने ती खोली खोडली. उंदरांची हवा कमी करा म्हणाले असते, तर नियम दाखवून भांडले असते. माणसांसाठी काही नियम आहे का, हे मी शोधलंसुद्धा नाही.

त्यानंतरही तुम्ही फोनवर खिडकीचं विचारत राहिलात आणि मी खुशाल थापा मारत राहिले.

शनिवारी आल्या आल्या तुम्ही तीच खोली बघायला मागाल, म्हणून हे पत्र. ती खोली नाही, बाबा. तिथे पाहुण्यांचा सोफा आहे. काल दुपारी पिंजरे लावायला आलेली माणसं जिन्यात डबे उघडून बसलेली पाहिली. मला बघून ती अंग चोरून सरकली, मला जायला वाट दिली. तुमच्या जिन्यापेक्षा माझा जिना रुंद आहे, एवढंच.

तुमचीच,
धाकटी