तळघरातला गॅस

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आम्ही बरे आहोत, तूही असशील. सकाळपासून हे पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. मध्येच उगाच फ्रिज पुसून काढला.

तर बातमी अशी, की आपल्या तळघरात रेडॉन निघालाय. जमिनीतून वर येणारा गॅस. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठत राहतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला की फुप्फुसांना बाधतो. शेजाऱ्यांकडे निघाला म्हणून आम्हीही तपासणीची डबी आणून खाली ठेवली. खिडक्या बंद ठेवायच्या होत्या, नाहीतर आकडा खरा येत नाही. मी बाबांना एवढंच म्हटलं, "घरात गॅस आहे का ते बघतोय." झालं! त्यांनी सिलिंडर बंद केला, तळघराची खिडकी सताड उघडली आणि दिवसभर कुणाला चहासुद्धा करू दिला नाही. "वास तर कुठेच येत नाही," म्हणत घरभर हुंगत फिरत होते. माझी हसून पुरेवाट झाली. डबी मात्र नवी आणावी लागली.

दुसऱ्या वेळी आकडा आला तो मर्यादेच्या कितीतरी वर. मग हसू पळालं.

काम सोमवारी सुरू होईल. फरशीला भोक पाडून नळी बसवायची, भेगा बुजवायच्या, आणि पंखा लावून खालचा गॅस छपरावरून बाहेर सोडायचा. नंतर पुन्हा मोजायचं. कामाला जागा हवी म्हणून तळघरातलं आईचं शिलाई मशीन वर आणलं.

इथेच माझा हात अडतोय.

आई वर्षानुवर्षं त्या खोलीत शिवत बसायची. तिचं फुप्फुसाचं दुखणं निघालं तेव्हा तू बाबांच्या सिगारेटला दोष दिलास, आणि ती गेल्यापासून त्यांच्याशी बोलली नाहीस. मी डॉक्टरांना विचारलं, सिगारेटचा धूर की हा गॅस? ते म्हणाले, "दोन्ही वाईट, एकत्र तर फारच वाईट. पण एका माणसाच्या बाबतीत नक्की कुणीच सांगू शकत नाही."

मला वाटलं, हे ऐकून बाबांच्या मनावरचं ओझं थोडं उतरेल. पण ते म्हणाले, "थोरलीला यातलं काही कळवू नकोस. मशीनच्या खडखडाटात तिचा अभ्यास व्हायचा नाही, म्हणून ते खाली नेलं होतं. मनाला लावून घेईल ती. माझ्यावर रागावलीय तेच बरंय. मला सवय झालीय."

मला नाही झाली गं सवय. म्हणून त्यांचा शब्द मोडून लिहितेय. तू शाळकरी पोर होतीस, मशीन आईने आपणहून नेलं, आणि खाली काय साठतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला हे वाचून काय वाटेल याचीच धास्ती आहे. पण तुझ्या वाटचं दुखणं तो म्हातारा एकट्याने गिळत बसलाय, ते मला रोज समोर बघवत नाही.

त्यांना फोन कर. शब्द सुचले नाहीत तर गप्प राहा, पण फोन कर.

तुझी, आणि त्यांचीही,
धाकटी