इनामदारांची पेकाट

कसबा बावडा,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. विजयदादास,
धाकट्या वर्षाराणीचा वाकून नमस्कार.

इकडं सगळं ठीक. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, पण जेवण चांगलं आहे. काल कारखान्याचा भोंगा ऐकून म्हणाली, "बिद्रीचा बी सुरू झाला असंल. विज्याला ऊसतोडीला टोळी मिळाली का इचार." मिळाली का? आणि वहिनींची चटणी संपत आली, तेवढं त्यांना सांग.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू मला मधेच तोडतोस, आणि हे मधे तुटून चालणार नाही.

आबांच्या पंचविसाव्या पुण्यस्मरणाचं डिजिटल पोस्टर करायचंय, त्यावर आई-आबांच्या जुन्या फोटोतल्या गाडीचं नाव पाहिजे, असं तू म्हणाला होतास. नाव मिळालं. आईची कवळी करणारे डॉक्टर राजवर्धन जुन्या गाड्यांच्या नादातले आहेत. त्यांना फोटो दाखवला, तर पेशंट बाहेर बसवून ठेवून त्यांनी तो स्कॅन केला आणि संगणकावर भिंतीएवढा करून बघत बसले.

"पॅकार्ड," ते म्हणाले. "समोरच्या जाळीचे खांदे बघा, वर जाताना कसे वळलेत. बैलाच्या मानेवरचं जू जसं. आणि चाकाच्या टोपीत मधोमध हा षटकोन. अमेरिकेची गाडी, महायुद्धाच्या थोडी आधीची. कापडी टप मागं घडी घालून ठेवलाय. त्या काळी ही दारात असणं म्हणजे हत्ती झुलण्यासारखं."

मला हसूच आलं. आई तिला कायम "इनामदारांची पेकाट" म्हणायची, आणि आपण समजायचो, बसणाऱ्याचं पेकाट मोडतं म्हणून ते नाव. ती बिचारी पहिल्यापासून खरं नाव सांगत होती.

काय गाडी होती रे. मोठा करून बघितल्यावर कळलं. बॉनेट एवढं लांब की त्यावर चार माणसांची पंगत बसावी. दिवे परातीएवढे. मडगार्डच्या उतारावर कुठल्याशा कमानीचं प्रतिबिंब पडलंय, इतकी तिची चकाकी. मी गाड्यांतली अडाणी, पण बघतच राहिले.

डिजिटल छापायला दिलं असशील तर थांबव.

डॉक्टरांनी मला विचारलं, "गाडी चालवणाऱ्या ह्या बाई कोण?" मी म्हटलं, ती माझी आई, पण चालवणारे वडील, गाडीच्या उजव्या बाजूला बसलेले ते. त्यावर त्यांनी आईच्या पुढ्यातला भाग तेवढा मोठा केला. तिच्या पदराशी जी काळी कमान दिसते ना, जिला आपण फोटोला पडलेली घडी समजत होतो, ते स्टिअरिंग आहे. गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह होती, स्टिअरिंग डावीकडं, आईच्या बाजूला. आबांच्या पुढ्यात काहीच नाही, दादा. त्यांनी काचेची चौकट धरलीय, घट्ट.

घरी येऊन आईला विचारलं. ती हरभऱ्याची भाजी निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "कळलं व्हय शेवटी."

मग सांगत गेली. तिचे वडील मलकापुरात इनामदारांच्या बागेवर होते आणि घराच्या मागंच गाडीखाना, हे तुला माहीत आहे. इनामदारांचे ड्रायव्हर गैबीमामा गाडी धुवायला नदीवर न्यायचे, तेव्हा ही पोर हट्टानं बरोबर जायची. माळावर त्यांनी तिला गाडी शिकवली. "पोरी, क्लच हिसकायचा न्हाई, पाळण्यातलं लेकरू उचलल्यागत उचलायचा," असं म्हणायचे म्हणे. एकोणिसाव्या वर्षी आबांशी लग्न झालं. आबा इनामदारांकडंच कारकून, म्हणून सासर-माहेर एकाच गावात.

त्याच वर्षी इनामदार मुंबईला गेलेले असताना गैबीमामांच्या पोटात कळ उठली. अंगणात ते अक्षरशः लोळत होते. एस.टी. निघून गेलेली. वैद्य म्हणाले, कोल्हापूरला न्या, नाहीतर हाती लागणार नाहीत. गाडी दारात आणि चालवणाराच आडवा.

"मी तुझ्या आबांस्नी म्हटलं, मला येती गाडी. त्येंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. म्हटलं ओरडत्यात आता. तर म्हणाले, मग बस की. मी मामांस्नी मागं निजवतो."

बांबवडे, वाघबीळ, केर्ली. त्या काळचा रस्ता तो. आईनं डोक्यावरचा पदर दातात धरला होता आणि पाय नीट पोचेनात म्हणून पाठीमागं उशी घेतली होती. वाटेत बैलगाडी आली की आबा उभं राहून हात करायचे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायला आलं होतं, आणखी तासभर गेला असता तर संपलं होतं. गैबीमामा त्यानंतर तीस वर्षं जगले, दादा. आपल्या दोघांच्याही लग्नात पंक्तीला वाढत होते.

दुसऱ्या दिवशी परत निघताना गाडी बघून कुठल्याशा स्टुडिओवाल्यानं फोटो काढला. हाच तो.

परत येताना गावाच्या अलीकडं दोघांना भीती वाटली. इनामदारांच्या गाडीवर एका पोरीला शिकवलं हे कळलं असतं तर गैबीमामांची नोकरी गेली असती. म्हणून वेशीबाहेर गाडी थांबवली, पेट्रोल संपलं म्हणून सांगितलं आणि बैल जुंपून पॅकार्ड गावात नेली. जाताना धुळीत लोकांना उजवीकडं बसलेले आबा तेवढे दिसले होते. ते धरूनच चालले, कारकून आकारामनं गाडी नेली.

इनामदार आले ते खुशीत. आबांना म्हणाले, गैबी बरा होईपर्यंत तूच चालव. आबांना तर हॉर्नसुद्धा कुठं असतो ते माहीत नव्हतं. खरं सांगावं तर मामा अडकणार. त्यांनी हात दुखतोय म्हणून सांगितलं, चांगली नोकरी सोडली आणि कोल्हापुरात गुळाच्या अडतीत लागले. बिद्रीच्या कारखान्यातली नोकरी फार नंतरची.

आता जे लिहायला मी घुटमळतेय ते. आई दरवर्षी पुण्यस्मरणाला न यायचं काही ना काही कारण काढते आणि तू रागावतोस. गेल्या वर्षीपासून तू तिच्याशी धड बोललेला नाहीस. खरं कारण गुडघे नव्हेत. स्टेजवर तुम्ही सांगता, आबांनी इनामदारांची गाडी चालवली. ते ऐकत तिला तिथं बसवत नाही. आबांनी हयातीत तो फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता, आठव. तू लावलास, ते गेल्यावर.

मी विचारलं, आता दादाला सांगू का? ती म्हणाली, "मामा गेलं, इनामदार गेलं, तुझं आबा बी गेलं. आता कुनाची नोकरी जातीया? सांग. पर नीट सांग. त्येला आबा लई मोठा वाटतोय, त्यो ल्हान व्हायला नगो."

मला तर ते दोघंही पहिल्यापेक्षा मोठे दिसायला लागलेत. तुला काय दिसतं, ते तुझं तू बघ.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
वर्षा

बिद्री,
१७ नोव्हेंबर

चि. वर्षास, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तुझा राग आला.

मग एक गोष्ट आठवली. मी पहिली जीप घेतली तेव्हा पेढे ठेवून आबांच्या हातात किल्ली दिली होती. म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा चालवा. त्यांनी किल्ली परत दिली आणि शेजारी जाऊन बसले. पॅकार्ड चालवलेल्या माणसाला माझी जीप हलकी वाटली, असं मी धरून बसलो. चाळीस एक वर्षं ते मनात सलत होतं. आबांना येतच नव्हती गाडी, हे वाचून मी शेतात बांधावर बसून रडलो. आणि त्या वेळी त्यांनी किल्ली परत देताना आईकडं बघितलं होतं, ते आत्ता कळलं.

डिजिटलवाल्याकडं जाऊन मजकूर बदलून आलो. फोटो तोच. खाली लिहायला सांगितलंय: "चालक: श्रीमती चिमणाबाई. शेजारी: कै. आकाराम. गाडी: पॅकार्ड. मागच्या सीटवरून वाचलेले: गैबीमामा." तो म्हणाला, पाव्हणं, एवढं कोण वाचतंय? म्हटलं, अक्षर मोठं काढ, वाचतील. गैबीमामांच्या मुलाला, मेहमुदालाही निरोप धाडलाय.

स्टेजवर बोलणार मीच आहे. सगळं सांगणार आहे, बैल जुंपल्याचंसुद्धा.

रविवारी सकाळी तुम्हा दोघींना न्यायला येतो. आईला सांग, गुडघ्यांचं कारण यंदा चालणार नाही. टोळी मिळाली, म्हणावं. चटणी आणतो.

गाडी चालवणारीचा आणि तिच्या शेजारी भरवशानं बसलेल्याचा मुलगा,
विजयसिंह