पेटीचे दुकान सुनेस देण्याबाबत

मी, रहिमतुल्ला हुसेनसाब नदाफ, वय ५८, धंदा हार्मोनियम दुरुस्ती, राहणार बेगम पेठ, सोलापूर, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकणाऱ्यांना मी ओळखून आहे.

१. माझ्या मांडीच्या हाडात दुर्मिळ कॅन्सर निघाला. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून बनवलेले औषध सलाईनमधून दिले. पहिला संशय मला औषधाचाच आला. प्रत्येक बाटलीवरचे नाव स्वतः वाचल्याशिवाय मी सुई टोचू दिली नाही. पाय वाचला. आता आजार फुप्फुसात गेला आहे, म्हणून हा कागद.

२. राहते घर शरियतप्रमाणे पत्नी मुमताज व मुलगा हारून यांचे. मुमताजने हारूनच्या सांगण्यावरून कशावरही सही करू नये. आधी कागद बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्यावा.

३. दुकान, सूर घासून जुळवायच्या कानशी व पितळी सुरांचे, म्हणजे पेटीत वाजणाऱ्या पट्ट्यांचे, डबे सून अरिबा हिला. शरियतप्रमाणे मृत्युपत्राने वारसाबाहेर देता येणाऱ्या एक तृतीयांश मिळकतीत हे बसते, तेव्हा हारूनने वाद घालू नये. कारण लिहितो.

मी रुग्णालयात असताना दुकान अरिबाने सांभाळले. परतल्यावर मी मंद्रूपच्या शिवपुत्र यांची भजनाची पेटी सुरात लावून दिली. आठ दिवसांत ते परत आले. "उस्ताद, वरचं सूर लई टोचत्यात की!" मला तर ठीक वाटत होते. मी अरिबाला विचारले, "माझ्या मागे सुरांना कानस कोणी लावली?"

"मी नाही, अब्बा. तुम्ही एकदा कान तपासून घ्या."

मी तिच्याकडून किल्ली काढून घेतली. घरात ती व मुमताज बोलत, ओठ हलत, शब्द पोचत नसत. माझ्याविरुद्ध कुजबुज चालते, असे मी धरून चाललो. चार महिने तिच्याशी बोललो नाही.

शेवटी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "उंच, बारीक आवाज गेलेत. या औषधाने होतं. सुरुवातीलाच सांगितलं होतं." सांगितले असेल. मी तेव्हा बाटल्या वाचत होतो.

त्या चार महिन्यांत मी बिघडवलेल्या अकरा पेट्या अरिबाने गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पुन्हा लावल्या. हे शिवपुत्र यांनी कबूल केले. म्हणजे माझ्या मागे काहीतरी चालले होतेच.

मी तिची माफी मागितली. ती खाली बघून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही.

हे मृत्युपत्र मला कोणी वाचून दाखवलेले नाही. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा वाचून सही केली आहे.

सही: रहिमतुल्ला हुसेनसाब नदाफ

साक्षीदार:
१. शिवपुत्र चनबसप्पा बिराजदार, मंद्रूप
२. गुरुराज नागनाथ जोशी, सोलापूर

सोलापूर, दि. ९ जुलै २०२५