आक्कांनी पळवलेला कॅमेरा

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

घेणार म्हणजे घेणार! जेवताना जाहीरच करून टाकलं. दोन भिंगांचा जुना कॅमेरा. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि आत वाकून बघायचं, तो. लहानपणी जत्रेत एका फोटोवाल्याच्या गळ्यात पाहिला होता, तेव्हापासून मनात आहे. कोर्टात जन्मभर कारकुनी केली, आता निवृत्त झाले. आता नाही तर कधी?

ह्यांनी कढी वाढून घेतली. आक्का गप्प बसतील तर त्या आक्का कसल्या! 'नीला, फोनच्या पाठीला तीन भिंगं आहेत. तू दोनाचा घेणार. म्हणजे उलटीच चाललीस की!'

आक्का माझी थोरली नणंद. नगरपालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अजूनही आहेत, फक्त शाळा आता आमचं घर आणि विद्यार्थी आम्ही दोघं. तरुणपणी नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून त्या इथेच. तो विषय सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

भिवंडीजवळच्या शेलार गावाला गेलो. तिथे दिनेश म्हणून एक आहे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला. आता हा घरातच जुने कॅमेरे दुरुस्त करतो आणि विकतो. आक्का बरोबर. कशाला? 'तुला कुणीही फसवेल म्हणून.'

दिनेश कॅमेरे दाखवतो ते स्थळं दाखवल्यासारखे. पहिला जर्मन. 'घराणं मोठं आहे काकू, पण हल्ली दम लागतो.' म्हणजे सावकाश शटर सोडलं की आतलं चक्र घर्रर्र करत मध्येच अडकतं. दुसरा चिनी. वजनाला हलका, पण भिंगात बॅटरी मारली तर आत कोळ्याचं जाळं! बुरशी. आपल्याकडच्या ओल्या हवेत कपाटात पडून राहिला की असं होतं म्हणे. तिसरा जपानी. दिसायला साधा, चामडं एका कोपऱ्यात सुटलेलं, पण भिंगं स्वच्छ. बाजूची दांडी फिरवली की गोड कर्रर्र आवाज.

आक्कांनी विचारलं, 'याला आजारपण काही?'

'नाही आजी. फक्त मूळच्या टोप्या हरवल्यात. मी दोन वेगवेगळ्या दिल्यात.'

'मग हाच कर. रूपाला काय करायचंय!'

मी 'हो' म्हणायच्या आत त्यांनीच तो पिशवीत घातला.

१९ नोव्हेंबर

आतल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, डावं ते उजवं. ह्यांना 'थोडे डावीकडे व्हा' म्हटलं आणि हे तुळशीत!

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिला रोल. बाराच फोटो मिळतात, म्हणून श्वास रोखून एकेक काढला. पॉवरलूमच्या गल्लीत गेले. मागांची खटाखट चालूच होती. शिफ्ट सुटलेला एक कारागीर थांबून म्हणाला, 'चाची, ये रेडिओ पुराना है क्या?' मी म्हटलं, कॅमेरा है. 'तो मेरी तरफ देखो ना, नीचे क्या देख रही हो!' त्याला आत डोकवायला दिलं. स्वतःची गल्ली त्या काचेत बघून गडी हसायलाच लागला. 'माँ कसम, इसमें तो भिवंडी अच्छी लगती है!'

उजेड मोजायला शेवटी फोनच लागला. आक्कांना हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१ डिसेंबर, रविवार

रोल धुऊन आला. बाराही फोटो कोरे!

दिनेशनं आधी खूप गंभीर चेहरा केला, मग हळूच विचारलं, 'काकू, टोप्या दोन्ही काढल्या होत्या ना?'

वरच्या भिंगातून आपण बघतो, फोटो खालच्यातून निघतो. मी वरची टोपी काढली. खालची... जाऊ दे.

आक्का घरी येईपर्यंत रिक्षात हसत होत्या. 'बारा फोटो नाही, बारा अमावास्या काढल्यास गं!' ह्यांनाही हसू आवरेना. रात्री मुद्दाम भाजीत मीठ कमी घातलं. दोघांच्याही.

८ डिसेंबर, रविवार

दुसरा रोल. टोप्या काढल्या होत्या. फोटो आले! फक्त ह्यांना डोकं नाही. शर्ट आहे, खिशातलं पेन आहे, मान आहे, आणि मग आकाश. फार जवळून काढला की असं होतं म्हणे. खालचं भिंग खालचंच बघतं, म्हणून कॅमेरा जरा वर उचलायचा असतो.

आक्कांनी तो फोटो बराच वेळ निरखला. 'हरीचा हाच फोटो सगळ्यांत खरा आहे.'

दोन दिवस बहिणीशी बोलणार नाही, असं हे म्हणाले. चहाच्या वेळेला बोलले.

१० डिसेंबर

आज घोटाळा झाला. मी अंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तर आक्का खिडकीत बसलेल्या, मांडीवर कॅमेरा, झाकण उघडं. आतलं छोटं भिंग वर उचलून त्यात डोळा घातलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून फोनवरचं काही नीट दिसत नाही म्हणून कुरकुरत असतात. आणि इथे?

'नीला, समोरच्या बाल्कनीतली बाई लसूण सोलतेय. मला तिची बोटं दिसतायत.'

'दाखवा बघू.'

'थांब जरा.'

थांबले. दुपार झाली.

१५ डिसेंबर, रविवार

आक्कांचा पहिलाच रोल आणि बाराच्या बारा चांगले! मी जळत नाही. मुळीच नाही. पण बारा?

त्यांचं गुपित मला कळलं. त्या माणसाला 'हलू नका' म्हणतात आणि माणूस हलतच नाही. रद्दीवाला, पोस्टमन, लसणाची बाई, सगळे वर्गात उभं केल्यासारखे. शिवाय आक्का मान खाली घालून उभ्या असतात, त्यामुळे आपला फोटो निघतोय हे माणूस थोडं विसरतो. चेहरा सैल पडतो. मग कट्!

दिनेश म्हणाला, 'आजी, तुमचा हात स्थिर आहे.' आक्का म्हणाल्या, 'हात नाही रे, वय.'

कॅमेरा आता त्यांच्या उशाशी असतो. माझा कॅमेरा!

२२ डिसेंबर, रविवार

गणेशपुरी. आक्कांनीच टूम काढली – गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, फोटोही निघतील. हे म्हणाले, 'मी नाही येत.' जरा तुटकच म्हणाले. मला वाटलं, बिनडोक फोटोचा राग अजून आहे.

एसटीनं गेलो. पण आक्का कुंडाकडे वळल्याच नाहीत. सरळ निघाल्या. भाताची कापणी झालेली, बांधावरून वाट. या वयात किती भरभर चालत होत्या! मी मागून पिशवी सांभाळत. एका घराशी थांबल्या. शेजारी बंद पडलेली भाताची गिरणी. ओट्यावर खुर्चीत एक म्हातारे बसलेले, पायावर चादर. पलीकडे त्यांचा मुलगा सायकल पुसत होता. भरत नाव सांगितलं त्यानं.

आक्का म्हणाल्या, 'यांचा एक फोटो काढू?'

'काढा की मावशी. बाबांचा धड एक फोटो न्हाय घरात.'

म्हाताऱ्यांनी डोळे बारीक करून बघितलं. 'कोन हाय?'

'फोटोवाली,' आक्का म्हणाल्या.

म्हातारे खुर्चीत पुढे वाकले. मग भरतला म्हणाले, 'माझी धुतलेली टोपी आन.' टोपी घातली, चादर सारखी केली, खुर्चीत नीट बसले.

आक्कांनी झाकण उघडलं. मान खाली घातली. किती वेळ! मी म्हटलं, उजेड जाईल आक्का. ऐकू आलं नाही त्यांना.

'हलू नका.'

'न्हाय हलत,' म्हातारे म्हणाले. 'आता कुठं जातुय मी.'

एकच काढला. एरवी एका लसणाचे तीन काढणारी बाई! भरतनं चहा दिला, एक प्रत पाठवा म्हणाला, माझा नंबर घेतला. परतताना मी आक्कांना चिडवलं, 'गिऱ्हाईक मिळालं की हो तुम्हाला! आता पाटी लावू दारावर.' नेहमी अशा वेळी मला दोन वाक्यं परत मिळतात. आज एकही नाही. पाय दुखले असतील.

२९ डिसेंबर, रविवार

फोटो आले. गणेशपुरीचा तो एक, दिनेशनं आपणहून मोठ्या कागदावर काढून दिलेला. काय चेहरा आलाय! एकेक सुरकुती. टोपीची घडीसुद्धा. मी कौतुकानं ह्यांच्यापुढे धरला. 'बघा, तुमच्या बहिणीनं काय काढलंय!'

ह्यांचा घास हातातच राहिला. 'हा सावळाराम आहे.'

कोण सावळाराम?

'आक्काचा नवरा.'

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते प्रकरण जुनं झालं होतं. मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. आणि त्यांच्या ओट्यावर बसून चहा पिऊन आले! वर गिऱ्हाईक काय, पाटी काय... जीभ तोडून टाकावीशी वाटली.

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं.

'अशी बघू नकोस माझ्याकडे नीला. तुझी काय चूक? मी सांगितलं नव्हतं.'

'पण आक्का, का गेलात?'

खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, 'मूल होत नाही म्हणून दोन वर्षांत आणून सोडलं. दाराशी. आत पण आला नाही. तेव्हा मी मान खाली घातली होती, त्यामुळे जाताना त्याचं तोंड कसं होतं ते बघितलंच नाही. मग दुसरी केली त्यानं. ती पण गेली गेल्या साली, असं कळलं. नुसतं जाऊन उभं राहायचं तर काय बोलायचं? हा कॅमेरा बरा. मान खालीच ठेवली, आणि नीट बघून घेतलं.'

'ओळखलं नाही त्यांनी तुम्हाला?'

'कसं ओळखणार! माझा दातांचा संचसुद्धा तिसरा आहे.'

हे उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

३० डिसेंबर

फोटो कपाटावर पालथा ठेवलाय. कोणी हात लावत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

मी विचारलं, भरतला प्रत पाठवायची ना? आक्का म्हणाल्या, 'बघू.' आक्का आणि 'बघू'! या शब्दावर त्या मुलांचे गुण कापायच्या.

पण आज कॅमेरा मला परत दिला. 'घे. तुझा आहे.' मी म्हटलं, छे, मला सवय राहिली नाही, पुन्हा अमावास्या येतील. तर किंचित हसल्या. 'मग शिकवते,' म्हणाल्या. दुपारभर मला गच्चीवर उभं केलं. कोपर पोटाशी. श्वास अर्धा सोडून थांब. आधी माणूस बघ, मग भिंगाचे आकडे बघ. तीनदा ओरडल्या. फार बरं वाटलं!

१८ जानेवारी

सकाळी भरतचा फोन. वडील गेले, परवा. दहाव्याला ठेवायला आक्कांनी काढलेला फोटो मिळेल का, विचारत होता. मग अडखळला. 'मावशी, एक इचारू का? तुमी गेल्या तवापास्नं बाबा म्हनायचे, भितीवर लावाल तर पार्वतीनं काढलेला लावा. पार्वती कोन?'

पार्वती हे आक्कांचं नाव. या घरात त्या नावानं त्यांना कोणीच हाक मारत नाही.

मी आक्कांना सांगितलं. त्या परडीतल्या शेंगा मोडत होत्या. हात थांबले.

'म्हणजे ओळखलं होतं मेल्यानं!'

पुन्हा शेंगा मोडायला घेत म्हणाल्या, 'पाठव. मोठा करून पाठव. चेहरा चांगला आलाय.'