नटव्या लाकडाची दांडी

आबा, कुरुंद्याच्या आपल्या सुतारकामाच्या छपरातली ती सागाची फळी आता हिंगोलीत माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी आहे. लेकीला तिच्यातून नव्या गिटारची दांडी करून पाहिजे. अर्धी फळी सरळ रेषांची, अर्धी पाण्यावर वारं फिरल्यागत लहरींची, अन् दांडी निघणार एकच. मी करवत हातात घेते अन् पुन्हा ठेवून देते. तुमी असता तर म्हणाला असता, "देवीचं दर्शन करून राहिलीस का गं? काप की!"

आपल्याकडं पहिली गिटार आली ती वसमतच्या गाण्याच्या मास्तरांची, दांडी मोडलेली. तुमी उलटीपालटी करून म्हणालात, "आपल्या वीण्याचीच बहीण हाय." मी छपरातल्या एका लहरींच्या फळीवरून हात फिरवत होते. "आबा, हे लावा की, किती ग्वाड दिसतंय!" तुमी असे खेकसलात की मला रडूच आलं. "नटवं लाकूड हाय ते! रेषा लांबीनं सरळ धावली तरच तारांचा ताण सोसती. लहरीत ती जागोजाग तुटती, तिथून लाकूड ओल पितंय अन् दांडी पीळ खाती. तोंड बघून लाकूड निवडतेत व्हय?"

मग तुमी सरळ रेषांची दांडी बसवली. अन् उन्हाळ्यात मास्तर तीच गिटार घेऊन दारात उभे! दांडीला चांगला पीळ पडलेला. त्यांच्या खोलीमागं हळद शिजवायचे. त्या वाफेनं झालं असेल का? का ती फळी वरून सरळ अन् बाजूनं तिरपी होती? तुमी एक डोळा मिटून दांडीवरून कितीतरी वेळ बघत बसलात. "आसं व्हयाला नगं व्हतं," एवढंच बोललात. मास्तरांची बदली झाली होती. ते हसून म्हणाले, ही गिटार राहू द्या पोरीला. तेव्हा तुमी माझ्या हट्टापायी लहरींची दांडी बसवून दिलीत. "घे तुझं नटवं. वाकली तर मला बोल लावू नको."

आबा, ती वाकलीच न्हाई. तुमी गेलात, माझं लगीन झालं, लेक त्याच गिटारवर शिकली, तरी दांडी सुतासारखी सरळ. काहून? लाकूड जास्त वाळलेलं होतं? तुमी ते ताण सोसावा म्हणून फिरवून कापलं होतं? का नुसतं नशीब? डोकं पार चक्रावून जातं. काल लेकीला म्हटलं, आपण सरळ बाजूच घेऊ, आबा तसंच सांगायचे. ती म्हणाली, "मग त्यांनी तुला लहरींची काहून दिली?" मी भाजीला फोडणी द्यायला उठले. तुमचं बोलणं खरं धरू का तुमच्या हातचं काम, तुमीच सांगा ना.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई, फळीमागं सरकवून ठेवणार आहे. म्हणून सांगते. गिटारला तारा चढवताना मी अजून एक डोळा मिटून त्या दांडीवरून बघते. सरळ दिसली की जीव खट्टू होतो. एकदा तरी वाकावी, अन् माझे आबा बराबर ठरावेत, असं वाटतं.