स्थापना सप्ताह, गुरुवार

प्रिय मैना,

विद्यापीठाचं छापील निमंत्रण तुला एव्हाना मिळालं असेल. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ, आत ‘आपल्या उपस्थितीने कार्यक्रमाची शोभा वाढेल’ वगैरे. ते मीच पाठवलंय. एकोणीस वर्षं दर पाहुण्याला जे जातं तेच, फक्त नाव आणि तारीख बदलून. हे पत्र मात्र मी रविवारी सकाळी घरच्या टेबलावर बसून हातानं लिहितेय आणि पोस्टात स्वतः टाकणार आहे. ‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडखळलं. पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही.

आधी आठवड्याचं सांगते, ते सांगायला सोपं आहे. सोमवारी सकाळी दहाला रोपांचं प्रदर्शन. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी कुंड्या आत्तापासूनच व्हरांड्यात आणून मांडल्यात आणि सफाईवाल्या बाई रोज माझ्यापाशी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडतात. मंगळवारी दातांची मोफत तपासणी, बुद्धिबळाच्या स्पर्धा आणि दुपारी मधमाश्यांवर व्याख्यान. ते कीटकशास्त्राचे एक म्हातारे सर दरवर्षी देतात. अकरा-बाराच माणसं येतात, म्हणून मी त्यांना लहान खोली देते आणि मोजक्याच खुर्च्या लावायला सांगते, म्हणजे त्यांना खोली भरल्यासारखी वाटते. दरवर्षी ते मला सांगतात, यंदा गर्दी बरी होती. बुधवारी नोकरी मेळावा, त्या दिवशी सगळी पोरं एकाच ताग्यातून कापल्यासारखे पांढरे शर्ट घालून घामाघूम फिरतात. शुक्रवारी माजी विद्यार्थी, शनिवारी धावण्याची शर्यत आणि समारोप. आणि गुरुवारी तू. दुपारी अडीच, नवं सभागृह, विषय ‘विद्यार्थ्यांचा आवाज’.

माझं काम काय आहे ते तुला नीटसं माहीत नसेल. तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी फोड करून लिहिलं नाही. हुद्दा कार्यक्रम सहायक. सभागृहांची नोंदणी, माईक, खुर्च्या, पाहुण्यांचा चहा आणि ‘आगामी कार्यक्रम’ नावाचं पंधरवड्याचं पत्रक. आवारात काचेच्या नऊ सूचनापाट्या आहेत, त्यांना कुलपं आहेत, किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे असतो. मुलं मला पाटीवाल्या काकू म्हणतात. तुझा परिचयही माझ्याच हातून गेला. तुझ्या कार्यालयानं पाठवला होता, दीड पान. त्यात एक वाक्य आहे, की विद्यार्थिदशेत तू अन्यायाविरुद्धच्या आंदोलनात अग्रभागी होतीस. मी ते तीनदा वाचलं. ‘विद्यार्थीदशेत’ लिहिलं होतं. ती दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली आणि कागद छपाईला दिला. आणखी काही दुरुस्त करणं माझ्या कामात बसत नाही.

ते आंदोलन म्हणजे आपण दोघी, वसतिगृहातली तुझी खोली, एक दौत आणि गुंडाळून आणलेला खाकी कागद. प्रयोगशाळेतले मामा तुला आठवत असतील असं मी धरून चालते. वाफा ओढून घेणारा पंखा दोन वर्षं बंद होता. मामा तो दुरुस्त करा म्हणून दर महिन्याला अर्ज द्यायचे, अर्जावर शिक्का बसायचा आणि तो फायलीत जायचा. मग एक दिवस आम्लाची बाटली फुटली आणि त्यांचा डावा डोळा गेला. विद्यापीठानं सांगितलं, शिपायाचा निष्काळजीपणा. तू मजकूर सांगायचीस, खोलीत येरझाऱ्या घालत, अखंड बोलत, म्हणून तर तू मैना. मी डाव्या हातानं लिहायची, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून, आणि कोपरापर्यंत माखायची, म्हणून मी शाई. पदवीदान समारंभाच्या सकाळी प्रत्येक इमारतीच्या दारावर मामांचे अर्ज तारखांसकट लागलेले होते. मुख्य पाहुण्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला वाचला. त्या दिवशी आपण दोघी कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून इतक्या हसलो होतो की मला उचकी लागली. त्यानंतर मी तशी हसल्याचं मला आठवत नाही. पण ते तुझ्या माथी मारत नाही, वयाप्रमाणे हसणं कमी होतंच.

चौकशी बसली तेव्हा आधी तुला बोलावलं. तुझे बाबा गाडी करून आले, कुलसचिवांच्या खोलीत तासभर बसले. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. त्या कुलसचिवांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि खालच्या सहीवर आपला पंजा ठेवला. सही झाकायचा तो सोपस्कार कशाला केला कोण जाणे, कारण वर तुझं अक्षर होतं. ‘ज’ला तू अजूनही ती लांब शेपटी देतेस, पाकिटांवर दिसते. फार काही नव्हतं त्यात. अकरा ओळी. माझं नाव, वडिलांचं नाव, वर्ग, आणि ‘मी तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला.’ परावृत्त हा शब्द तुझ्या बाबांचा असणार, तू कधी असं बोलत नव्हतीस.

हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. छत्तीस वर्षं तू असं धरून चाललीस की मला माहीत नाही, आणि मी तुला तसं धरून चालू दिलं. मला दोन वर्षांसाठी काढून टाकलं त्या आठवड्यात तू आमच्या घरी आली होतीस. माझ्या आईजवळ बसून रडलीस. जाताना दारात माझा हात धरून म्हणालीस, “कोणी सांगितलं असेल गं?” आणि मी म्हटलं, “कुणास ठाऊक.” का म्हटलं ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, दादाचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात होतं, वर्गातल्या पोरी रस्ता बदलत होत्या. आमच्या दारात येणारी तू एकटीच उरली होतीस. तुलाही घालवून दिलं असतं तर मी कोणाजवळ बसले असते?

परत शिकायला मी गेलेच नाही. अण्णा आठ महिने बोलले नाहीत आणि मग बोलले ते एवढंच, की टायपिंग शिकून घे. पुढं कुलसचिव बदलले, नव्यांना जुनं काही माहीत नव्हतं, आणि मी त्याच इमारतीत रोजंदारीवर टायपिस्ट म्हणून लागले. मामा तेव्हा फाटकावर बसायचे, काळा चष्मा लावून. मला पाहून उठून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, बसा हो मामा, मी आता इथली विद्यार्थिनी नाही, तुमच्यासारखीच नोकर आहे. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, त्यांच्या नावाचं व्याख्यान वगैरे कोणी ठेवलेलं नाही. तू दूर गेलीस, मोठी झालीस, विद्यापीठाच्या परिषदेवर आलीस. दोन-तीन वर्षांनी तुझं पत्र यायचं, त्यात ‘आपले ते दिवस’ हमखास असायचे. मी उत्तरं दिली. हवापाण्याची, आईच्या गुडघ्यांची, माझ्या मांजरीची. मनात तुला मी काय काय बोलले ते तुला झेपलं नसतं. एखादीनं शिव्यांचा कोश काढला तर माझे पाच-सहा शब्द त्यात नवे निघतील.

आता यंदाचं सांगते. पावणेदोन महिन्यांपूर्वी मुलींच्या नव्या वसतिगृहात कावीळ आली. आधी चार मुली, मग सतरा, मग चाळीस. पाण्याच्या टाकीत ड्रेनेजचं पाणी झिरपत होतं. मुलींनी दोनदा लेखी कळवलं होतं, वास येतो म्हणून. त्याच महिन्यात नव्या सभागृहाच्या काचा बसत होत्या, सगळे तिकडे. एका मुलीला तिचे आईवडील घरी घेऊन गेले, ती अजून आलेली नाही. कागदोपत्री कारण असं की मुली बाहेरचं खातात.

फिल्म क्लबची एक सेक्रेटरी आहे. केस कधी विंचरलेले नसतात, म्हणून मी तिला झिपरी म्हणते आणि ती ओ देते. तीन वर्षं दर बुधवारी खोलीच्या नोंदणीला येते आणि काम झालं तरी माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून राहते. सिनेमाच्या गोष्टी सांगते, माझ्या डब्यातलं खाते, आईशी भांडण झालं की इथं येऊन नाक ओढते. गेल्या पंधरवड्यात तिनं माझ्याकडे पाट्यांच्या किल्ल्या मागितल्या, सिनेमाचं पोस्टर लावायचंय म्हणाली. तिच्या काखेतली गुंडाळी एका पोस्टरची नव्हती हे मला दिसत होतं. जुडगा मी तिच्या हातात दिला आणि चहा प्यायला गेले. चहाला मी एरवी दहा मिनिटं घेते. त्या दिवशी तासभर बसले, आणि खरं सांगते, फार वर्षांनी मला बरं वाटत होतं.

नऊच्या नऊ पाट्यांत, स्थापना सप्ताहाच्या पत्रकावर, टाकीचे फोटो आणि मुलींचे दोन्ही अर्ज लागले. काचेच्या आत, बाहेरून कुलूप. दुपारी कुलसचिवांनी मला बोलावलं. आत्ताचे कुलसचिव माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली. निवृत्तीला किती राहिलं ते विचारलं. चौदा महिने, मी म्हटलं. ते म्हणाले, “किल्ल्या तुमच्याकडे असतात. तेव्हा एकतर तुम्ही लावलंत, नाहीतर कोणी लावलं ते तुम्हाला माहीत आहे. काय ते लिहून द्या.” आणि कोरा कागद पुढे केला. माझ्याजवळ गाडी करून येणारे बाबा नव्हते, वय वीस नव्हतं, कोणी धमकावलंही नाही. घरी आई अंथरुणावर आहे आणि तिचं सगळं माझ्या या नोकरीवर चालतं, हे मी स्वतःला सांगितलं, पण कागद लिहून झाल्यावर. लिहिताना मनात काहीच नव्हतं. तीन नावं लिहिली. झिपरीचं पहिलं, मग किल्ल्या न्यायला आली तेव्हा दाराशी थांबलेल्या तिच्या दोन सोबत्यांची. किल्ली तिनं माझ्या नकळत टेबलावरून उचलली, असंही लिहिलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या बुधवारी ती आली. तिघांना वसतिगृह सोडायला सांगितलंय. तिचं सामान माझ्या दारात, दोन पिशव्या आणि एक उशी. स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काकू, माझ्यामुळे तुम्हाला काही त्रास नाही ना झाला? किल्ल्यांचं विचारलं का त्यांनी?” मी नाही म्हटलं. मग म्हणाली, आमच्यातल्याच कुणीतरी नावं दिली असणार, आम्ही तिघंही आता एकमेकांकडे तसंच बघतोय. मी तिला डबा दिला. ती जेवली. पिशव्या सभागृहामागच्या कोठीत ठेवून घेतल्या, त्या अजून तिथंच आहेत.

हे तुला का लिहितेय ते आता सांगते. गुरुवारी तुझं भाषण साडेतीनला संपेल. चारला वरच्या मजल्यावर शिस्तपालन समिती बसणार आहे. परिषदेच्या वतीनं त्या समितीवर तू आहेस, हे तुला कुलसचिव चहाच्या वेळी सांगतील, सही करण्यापुरतंच आहे म्हणून सांगतील. फायलीत माझा कागद असेल. किल्लीचं जे लिहिलंय ते खोटं आहे, ती मी दिली. हे मी समितीपुढे येऊन सांगायला हवं, मला कळतं. तीन दिवस रोज सकाळी ठरवते आणि कचेरीत पोचेपर्यंत उतरतं. म्हणून तुला सांगतेय. तुझ्या एका शब्दानं ती मुलं राहतील, आणि तुझं काहीच जाणार नाही, तू आता तिथे पोचलीयस. हवं तर हे पत्रच वाचून दाखव. माफीबिफी मनात आणू नकोस, मी तुला माफ केलेलं नाही आणि आता करण्याची लायकीही राहिली नाही. सभागृहात मला शोधू नकोस, मी मागे माईकच्या खोलीत असेन. एक गोष्ट तुला विचारायची असं मी छत्तीस वर्षं मनात धरून होते, की तो कागद लिहून दिलास त्या दिवशी तुला घास गेला का. आता नाही विचारत. मी माझा कागद देऊन घरी आले, आईला भरवलं, मग माझं ताट वाढून घेतलं आणि रोजच्यासारखी जेवले.

तुझीच,
शाई