अप्पांचे कोरडे हात

धर्मापुरी,
८ जानेवारी २००४

प्रिय अमरदादा,
शरणार्थ.

आई बरी आहे. शेजारच्या बायनाबाईंनी दिलेलं तेल गुडघ्याला लावते आणि त्यांनाच नावं ठेवते. तूर काढून झाली. वहिनींनी पाठवलेला स्वेटर मला आखूड होतो, पण त्यांना सांगू नकोस. मी सुट्टी टाकून सोमवारपर्यंत इथेच आहे.

अप्पांच्या मातीला आलतास तेव्हा तू विचारलंस, त्यांनी दुकान काऊन बंद केलं? मी म्हणाले, दम लागायचा. खोटं बोलले. फोनवर सांगावं तर बूथवाला कान लावून बसतो, म्हणून लिहितेय.

मी औरंगाबादला प्रयोगशाळेत ज्वारीच्या स्टार्चचा कागद करते, हे तुला ठाऊक आहे. प्लॅस्टिकसारखा आरपार दिसणारा, पण मातीत पुरला की विरून जाणारा. त्यात पिठाहून हजारपट बारीक असे चिकणमातीचे कण घातले की तो ओल सोसतो, असं पेपरात छापून आलं. अप्पांनी ते कात्रण गल्ल्यावर चिकटवलं. म्हणाले, "श्रावणी सोमवारचा प्रसाद तुज्याच पिशव्यांत वाटायचा."

दादा, दमट हवेची चाचणी तेव्हा झालीच नव्हती. कण नीट मिसळत नव्हते, गुठळ्या राहायच्या. मला माहीत होतं. पण अप्पा लई खुशीत होते, माझ्या तोंडून 'नाही' निघेना. दोनशे पिशव्या दिल्या.

त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. अप्पांनी हात धुतले, धोतराला तीनदा पुसले आणि एकेका पिशवीत साखर-खोबरं भरलं. मी शेजारीच बसले होते. आरती होईस्तोवर पिशव्या लिबलिबीत होऊन फाटल्या. प्रसाद पायदळी आला, हे आरतीला आलेल्या धोंडीरामनं सगळ्या देवळाला ऐकवलं.

अप्पा म्हणाले, "माजेच हात वले होते. पोरीच्या कागदाचा काय दोष न्हाई."

मी तिथेच खांबाला टेकून उभी होते. एक शब्द बोलले नाही.

मग दुकानात जो येई तो विचारी, "अप्पा, हात पुसले का?" चाळीस वर्षं पुड्या बांधलेला माणूस. पोळ्यानंतर त्यांनी शटर वर केलंच नाही. मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर चाचणी जमली. नवी पिशवी त्यांना दाखवायची म्हणून एस.टी.त बसले. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

त्याच पिशवीत विभूती भरून मी मातीचा विधी करणाऱ्या जंगमांच्या हाती दिली. त्यांनी ती समाधीत बसवलेल्या अप्पांच्या मांडीशी ठेवली. तू पाहिलंस, विचारलं नाहीस.

प्रयोगशाळेत आम्ही हा कागद मातीत पुरतो आणि पंचेचाळीस दिवसांनी उकरून बघतो, किती उरलाय. अप्पांच्या मातीला सोमवारी पंचेचाळीस होतात. तिथं उकरायचं नसतं, एवढं मला कळतं. पण त्या दिवशी आरती झाली की त्याच खांबापाशी उभी राहून मी सांगणार आहे, की अप्पांचे हात कोरडे होते. आई म्हणते, आता माणूसच गेला, कशाला बोलतीस? तुलाही तसंच वाटलं तर वाटू दे. मी बोलणार आहे.

कोरड्या हातांच्या सिद्धलिंगअप्पांची लेक,
शिवकांता